आधी कोणाचा वार?

मंदाताई साळवे माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या एका खुनाबद्दल. डेअरीतल्या एका सहकाऱ्याचं लग्न उरकून मी, विलास आणि संजय इंदापूरहून बारामतीला एसटीनं परत येत होतो. निमगाव केतकीला विड्याच्या पानांच्या पाट्या गाडीत चढल्या, पाय ठेवायला जागा उरली नाही, तरी आमचं भांडण थांबलं नव्हतं. विलासचं म्हणणं होतं, मांत्रिक मेलाच. मी म्हणत होतो, मेला खरा, पण मरण्याआधी त्याचा मंत्र पुरा झाला होता. संजय आम्हा दोघांवर ओरडत होता, की बाण आधी सुटलाय तर मंत्र पुरा होईलच कसा. पुढच्या बाकावर पांढऱ्या साडीतल्या एक बाई मांडीवर काळा कोट घडी करून बसल्या होत्या. त्या मागे वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "खून कधी झाला?"

आम्ही तिघेही दचकलो. विलास आधी सावरला. "खून नाही ताई. खेळ आहे."

"खेळात माणूस मेला?"

"खेळातलाच माणूस."

"मग मेला का न्हाय ते नंतर बघू. आधी सांगा, बाण सुटला तवा त्याचं तोंड उघडं होतं का मिटलेलं?"

महिनाभर भांडूनही हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

खेळ असा होता. विलास आणि मी पुण्यात शिकत असताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आम्हाला सापडलं होतं. त्यात ना पट, ना पत्ते. एकानं गोष्ट सांगायची: जंगल, किल्ला, दरोडेखोर, राक्षस. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक वीर व्हायचं आणि आपला वीर काय करतो ते सांगायचं. वीर हा शब्द आम्ही कधी वापरला नाही, आम्ही 'गडी' म्हणायचो. लढाई आली की ती फेऱ्याफेऱ्यांनी चाले. फेरीच्या सुरुवातीला प्रत्येकानं आपला गडी काय करणार ते बोलून दाखवायचं, मग आकडा काढायचा, ज्याचा आकडा लहान त्याची पाळी आधी. पुस्तकात या कामासाठी भलतेसलते फासे सांगितले होते. ते बारामतीत कुठून मिळणार? आम्ही चिंचोक्यांवर आकडे लिहून, एकेक आकडा दोन-तीनदा, पिशवीत भरले आणि काम भागवलं. अडत होतं ते नियमांपाशी. वार, बाण आणि मंत्र यांत कशाचा परिणाम आधी, कशाचा मागून, यावर पुस्तकात दाट बारीक अक्षरात पानंच्या पानं होती आणि आम्ही प्रत्येक जण त्यातलं आपल्या सोयीचं वाक्य उचलत होतो.

पुस्तक विलासच्या पिशवीत होतंच, बाईंनी ते मागून घेतलं. चष्मा लावला. भवानीनगर येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मग पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं 'सुरू करणं' आणि 'पुरं होणं' असे दोन वेगळे शब्द हायेत. मंत्र त्याच्या आकड्याला सुरू झाला. पुरा व्हायला अजून वेळ होता. मधे बाण लागला. म्हणजे मंत्र फुकट गेला. माणूस मेला ते येगळंच. तुमी एकाच शब्दावर तिघं भांडताय, पुस्तकात शब्द दोन हायेत."

बारामतीच्या स्टँडवर उतरताना त्यांनी विचारलं, "हे रविवारी असतं का?" आणि भिगवण रस्त्यावरच्या माझ्या खोलीचा पत्ता नीट समजून घेतला.

मंदाताई इंदापूरच्या कोर्टात वकिली करत. बांधाचे वाद, वारसाच्या नोंदी, पोटगी असली कामं. तिशी ओलांडलेली, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हसल्या की शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघेल असा आवाज. कोर्टात त्या छापील मराठी बोलत. माझ्या खोलीत सतरंजीवर बसल्या की पहिल्याच वाक्याला इंदापूर बाहेर येई. पहिल्या रविवारी त्या आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, त्यांनाही एखादा गडी द्यावा. त्यांनी विचारलं, "निकाल कोण देतं?" संजय म्हणाला, "आमी सगळेच." त्या म्हणाल्या, "म्हंजी कुणीच न्हाय." त्या दिवसापासून गोष्ट सांगायचं आणि निकाल द्यायचं काम त्यांच्याकडे गेलं. कोणी ते त्यांना दिलं नाही आणि कोणी हरकतही घेतली नाही.

त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. "पुस्तक बोलतंय तितं आपण गप. पुस्तक गप हाय तितं आपण बोलायचं." आणि त्या पुस्तकाला खरोखर बोलू देत. एखादं वाक्य तीन तऱ्हांनी मोठ्यानं वाचत, स्वल्पविरामावर थांबत, मग म्हणत, "आता अर्थ लागला."

संजय कन्हेरीचा. घरचा ऊस, स्वभाव उतावळा. एका फेरीत त्यानं ऐटीत सांगितलं, की माझा गडी समोरच्याला कापणार. आकडे निघाले आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की समोर दोन दरोडेखोर आहेत आणि तिसरा कड्यावर आहे.

"ताई, माझा आकडा पहिला आलाय. मी पळतोच."

"मघाशी काय बोललास?"

"मारणार म्हनलो. पण समोर दोघं हायेत की!"

"ते मघाशी बी होते."

"आवो, लढाईत माणूस ऐनवेळी मन बदलतो का न्हाय?"

"बदलतो. पुढच्या फेरीत बदल. ह्या फेरीत बोललास ते कर. सगळ्यांनी आकडा बघून तोंड फिरवायचं ठरवलं तर आधी बोलायचंच कशाला?"

संजयचा गडी जबर जखमी झाला. संजय दोन रविवार धुसफुसला. तिसऱ्या रविवारी ताईंचाच दरोडेखोरांचा सरदार तसाच अडकला, पळाला असता तर वाचला असता. ताईंनी त्याला मरू दिला आणि वर म्हणाल्या, "बोलला व्हता बिचारा." त्यानंतर संजयनं कुरकुर केली नाही.

एवढ्या बारकाईचं मूळ मला त्यांच्या घरी समजलं. एकदा इंदापूरला कामासाठी गेलो होतो, तेव्हा त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आरामखुर्चीत त्यांचे वडील, निवृत्त शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मी खेळाचा विषय काढला तर गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या वडलांचं रान पाटाच्या शेवटाला. पाण्याची पाळी ठरलेली असायची. पण वरच्या रानांचे मालक म्हणायचे, अजून तुमची वेळ झाली न्हाय. आणि आमची वेळ झाली की म्हणायचे, आता संपली. वडलांपाशी घड्याळ नव्हतं, काय बोलणार? मी नोकरीला लागलो, पहिल्या पगारात घड्याळ घेतलं आणि पाटावर जाऊन बसलो. ही पोरगी माझ्या शेजारी बसायची. वेळ झाली की मी उठायचो आणि पाटाचं दार उघडायचो. पहिल्या दिवशी भांडण झालं. मग हळूहळू थांबलं."

ताई ताटात भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "तवापास्नं आधी कोण, ह्या प्रश्नाची आमच्या घरात कुणी चेष्टा करत न्हाय."

मग विलास गेला.

भिगवणहून मोटारसायकलवर येत होता. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता. अपघाताची केस त्याच्या आईनं ताईंकडेच दिली. कितीतरी दिवस आम्ही खेळलो नाही. पिशवी खिडकीत तशीच पडून होती.

एका रविवारी दुपारी विलासचा धाकटा भाऊ दिलीप दारात उभा राहिला. अपघात झाला तेव्हा तो पुण्यात आयटीआयला होता. आता कऱ्हाटीला घरी परत आला होता आणि बारामतीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला लागला होता. आत येऊन त्यानं चप्पल काढली आणि उभ्यानंच विचारलं, "दादाचा गडी मी खेळू का?"

विलासच्या गड्याचं नाव सोनबा. कुऱ्हाडवाला, कमी बोलणारा, सगळ्यांच्या पुढे चालणारा. मी निरोप पाठवला आणि पुढच्या रविवारी ताई इंदापूरहून आल्या. दिलीपला खेळ शिकायला वेळ लागला नाही. वर्षभरात सोनबा त्याचा झाला, तरी तो नेहमी 'दादाचा सोनबा' असंच म्हणे.

त्या उन्हाळ्यात आमची गोष्ट एका डोंगरी किल्ल्यापर्यंत आली होती. राक्षस आत शिरला होता आणि माझा नि संजयचा गडी किल्ल्यातल्या लोकांना मागच्या वाटेनं बाहेर काढत होते. वाट अरुंद, दार एकच. दिलीप म्हणाला, "सोनबा दारात उभा राहणार. हलणार न्हाय." पाच-सहा फेऱ्या तो टिकला. लोक बाहेर पडले. शेवटच्या फेरीत दिलीपनं वार करणार म्हणून सांगितलं, ताईंनी राक्षस वार करणार म्हणून सांगितलं. आकडे निघाले. दोघांचा आकडा एकच. दोघांचे वार लागले, आणि दोन्ही वार जीव घेणारे होते.

संजयनं दोन्ही चिंचोके पुन्हा उलटून पाहिले. मग दिलीप घाईघाईनं म्हणाला, "राक्षस मेला. मेलेल्याचा वार कसा लागेल?"

"आकडा एकच हाय," ताई म्हणाल्या.

"पण सोनबाचा वार लागला की न्हाय? मग तो मेला. मग संपलं."

संजय पुढे सरकला. "ताई, राक्षस तुमचाच हाय. हुकला म्हणा. कोण विचारतंय तुमाला?"

ताईंनी पुस्तक मिटलं. "तारीख देते. पुढच्या रविवारी निकाल."

त्या आठवड्यात डेअरीत मला त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "अवि, पूर्वी कधी असा सारखा आकडा पडून दोघं मेल्याचं झालंय का? मी यायच्या आधी?" मी आठवून सांगितलं, की एकदा संजयचा पहिला गडी आणि एक लुटारू असेच मेले होते, आणि त्या दिवशी गोष्ट सांगणाऱ्या विलासनंच तो निकाल दिला होता. मग त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी त्या नेहमीच्या गाडीनं आल्या. पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "पुस्तक म्हणतंय, आकडा एक असला तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. एकाच वेळी म्हंजी एकाच वेळी. सोनबाचा वार लागला, राक्षस पडला. राक्षसाचा वार लागला, सोनबा पडला. त्यातलं एक खरं आणि एक खोटं, असं करता येत न्हाय. ह्याच खोलीत विलासनं बी असाच निकाल दिला व्हता. सोनबा गेला."

दिलीपचा चेहरा आक्रसला. "तुमच्या हातात होतं ताई."

"व्हय. होतं."

"मग?"

"मी राक्षसाचा वार हुकवला असता तर सोनबा दारात उभा राह्यला ते बी खोटं पडलं असतं. मग त्याला मरायची भीतीच नव्हती. ताईच्या जिवावर उभा होता, असं झालं असतं. तुझ्या दादाचा गडी तसा नव्हता."

दिलीप उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. संजय ताईंना म्हणाला, "कागदावरचा तर माणूस, ताई. एवढं ताणायचं?" चहा तसाच सोडून त्या लवकरच्या गाडीनं इंदापूरला गेल्या. पुढच्या रविवारी दिलीप आला नाही.

त्यानंतर कोर्टाच्या कामासाठी ताई बारामतीला आल्या, तेव्हा मला बरोबर घेऊन थेट दिलीपच्या दुकानात गेल्या. तो एका गिऱ्हाइकाला पंख्याचा पट्टा दाखवत होता. ताई स्टुलावर बसून राहिल्या. गिऱ्हाईक गेलं तशा म्हणाल्या, "निकाल बदलायला आले न्हाय. पण निकाल लागला म्हणून तू बी खेळातनं जावंस, हे मला मान्य न्हाय. ते दोन विषय येगळे हायेत."

दिलीप काउंटरवरचे नट उगाच एका डब्यातून दुसऱ्यात टाकत राहिला. मग बोलला. "मला राग सोनबाचा न्हाय ताई. दादा गेला तवा मी पुण्यात. आलो तर सगळे एकच सांगत होते, लगेच गेला, त्याला काय कळलंच न्हाय. आधी काय झालं, मग काय झालं, कुणीच सांगितलं न्हाय. आईला विचारायची सोय न्हाय. त्या रविवारी सोनबा पडला तवा मी समोर होतो. फेरी न् फेरी मला दिसत होती. आणि मग मला वाटलं, दादाचं एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं."

ताईंनी स्टूल काउंटरजवळ ओढलं. मग त्यांनी विचारलं, "ऐकायचंय? केससाठी मी त्या वस्तीवर गेले व्हते. ज्यांनी त्याला उचललं त्या सगळ्यांशी बोललेय. पण लगेच गेला, असं झालेलं न्हाय. ते ऐकायची तयारी हाय का?"

दिलीपनं होकारार्थी मान हलवली. दुकानाचा मालक आत हिशेबाला बसला होता, तोही बाहेर येऊन दाराशी थांबला.

ताईंनी सांगायला सुरुवात केली. कोर्टात सांगतात तसं नाही, पण क्रम न चुकवता. ट्रॉली कुठे उभी होती. विलासनं शेवटच्या क्षणी गाडी बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, रस्त्यावर तशी खूण होती. वस्तीवरची माणसं आवाज ऐकून धावली. एका म्हातारीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला शुद्ध होती. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. पाणी मागितलं. "आणि मग त्यानं विचारलं," ताई म्हणाल्या, "माझी गाडी कुणाला लागली का? त्या म्हातारीनं सांगितलं, न्हाय बाबा, कुणाला न्हाय. तवा त्यानं डोळं मिटलं. जीपमधे घातला तवा श्वास होता. दवाखान्यात पोचेपर्यंत न्हवता."

दिलीप काउंटरवर डोकं टेकवून रडला. त्याला भावासाठी रडताना आम्ही कोणीच तोवर पाहिलं नव्हतं. ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. तो थांबेपर्यंत फक्त बसून राहिल्या. शेवटी तो तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "त्या म्हातारीचं घर दाखवाल का?" त्या म्हणाल्या, "आत्ता चल." आणि भिगवणची गाडी धरून दोघंही गेले.

त्या रविवारी दिलीप नवा गडी घेऊन आला. भित्रा, बडबड्या, लढाई आली की झाडावर चढणारा. आम्ही हसून हसून लोळलो. त्यात विलासचं काहीच नव्हतं, आणि ते दिलीपला हवंच होतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ताई न्यायाधीशाच्या परीक्षेला बसल्या. पहिल्यांदा राहिल्या, दुसऱ्यांदा पास झाल्या. नेमणूक खानदेशात झाली. बातमी त्यांनी शेंगा सोलता सोलता सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "तर आता निकाल दिलीप देईल." दिलीप दचकला, पण नको म्हणाला नाही.

जाण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी त्या गडी घेऊन खेळल्या. त्यांचा गडी तिरंदाज. एका बंद दारासमोर त्यांनी बाण ताणून ठेवला आणि सांगितलं, "दार उघडलं की सोडणार." दिलीपचा दरोडेखोर आतून दार उघडणार आणि भाला फेकणार होता. आधी बाण की आधी भाला? ताईंनी बाजू मांडली ती ऐकण्यासारखी होती. दार उघडणं एक काम, भाला फेकणं दुसरं. पहिलं होताच माझा बाण सुटला, दुसरं नंतर. पुस्तकातली दोन वाक्यं वाचून दाखवली, जुने निकाल काढले, दरोडेखोराचा हात कडीवर असताना भाला कुठल्या हातात होता हे विचारलं. दिलीप मधे बोलला नाही. सगळं ऐकल्यावर त्यानं ती दोन्ही वाक्यं स्वतः पुन्हा वाचली आणि म्हणाला, "त्यानं उघडून फेकणार, असं एका दमात सांगितलंय. ते एकच काम. जो वाट बघतो त्याची पाळी समोरच्याचं काम पुरं झाल्यावर. भाला आधी."

संजय आणि मी ताईंच्या तोंडाकडे पाहत होतो. दिलीप पुस्तकाकडे पाहत होता.

"मान्य," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या तिरंदाजाच्या नावावर काट मारली.

संध्याकाळच्या गाडीला त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो. वाटेत न राहवून विचारलं, "ताई, दिलीपचा निकाल बरोबर होता का हो?"

"चुकला. मी असते तर बाण आधी म्हणाले असते."

"मग तुम्ही सोडून का दिलंत?"

"सोडलं कुठं? घसा कोरडा होईस्तोवर भांडले की. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पान वाचलं, कारण दिलं, आणि माझ्या तोंडाकडं न बघता निकाल दिला. समोर मी बसलेली असताना." इंदापूरची गाडी लागली होती. त्या पायरीवर चढल्या, खिडकीशी जागा मिळाली तशी काच खाली करून म्हणाल्या, "आता माझं बी असंच चुकणार हाय अवि, आणि तितं खरी माणसं उभी असतील. ह्या पोरासारखं चुकता आलं तरी मी समाधानी हाय."

गाडी हलली. त्या हसल्या, तेवढ्या मोठ्यानं, की कंडक्टरनं वळून पाहिलं.